दर्शनाची इच्छा: पाणपक्ष्यांचे छायाचित्रण आणि अहिंसेचा प्रश्न

शस्त्र न उचलता आणि पक्ष्याच्या अंगाला हातही न लावता केवळ त्याचे रूप टिपून नेणारी कृती अहिंसक ठरते का, हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही, कारण बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली की हिंसेचा प्रश्न आपोआप मिटला, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक सर्वस्वी चुकीचे आहे असे नाही. मारलेले बदक आणि छायाचित्रातले बदक यांत जीवन-मरणाचा फरक आहे आणि तो किरकोळ मानणारी नीतिमीमांसा फारशी गांभीर्याने घेण्याजोगी नाही. परंतु भारतीय धर्मपरंपरांनी, विशेषतः जैन आणि बौद्ध परंपरांनी, हिंसेचा विचार प्राणहरणापाशी थांबवलेला नाही. तो इच्छेपर्यंत, बेसावधपणापर्यंत, दुसऱ्याकरवी करवून घेतलेल्या कृतीपर्यंत आणि नुसत्या संमतीपर्यंतही मागे नेलेला आहे. या कसोट्यांना पाणपक्ष्यांचे छायाचित्रण कितपत उतरते, हे तपासण्यास एक विशेष कारण आहे. रानातला पक्षी पानांआड जाऊ शकतो, तर बदके, हंस, रोहित आणि करकोचे उघड्या पाण्यावर किंवा उघड्या चिखलावर थव्याने उतरतात, त्यांना दडण्यास आडोसा नसतो आणि स्वतःच्या व परक्याच्या दरम्यानचे अंतर हेच त्यांचे मुख्य संरक्षण असते. छायाचित्रकाराला नेमके तेच अंतर कमी करावयाचे असते.

या प्रश्नाचे सर्वांत जुने आणि कदाचित सर्वांत सूक्ष्म विवेचन कोणत्याही शास्त्रग्रंथात नसून पाली जातककथांमध्ये, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांविषयीच्या कथांमध्ये, आढळते. महाहंस जातकात वाराणसीच्या खेमा नावाच्या राणीला स्वप्नात सोन्याच्या रंगाचा हंस धर्म सांगताना दिसतो आणि जागी झाल्यावर त्याला प्रत्यक्ष पाहण्याची व ऐकण्याची उत्कंठा तिला लागते. राजा नगराजवळ एक विस्तीर्ण सरोवर खोदवून घेतो, त्यात कमळे लावतो, पक्ष्यांसाठी धान्याची सोय करतो, या पाण्यावर उतरणाऱ्या सर्व पक्ष्यांना अभय असल्याची द्वाही फिरवतो आणि त्याच काठावर एक व्याध नेमून ठेवतो. अभयाची वार्ता ऐकून थवे येऊ लागतात, अखेर हंसराजही येतो आणि त्याचा पाय फाशात अडकतो. कथेत कोणालाही हंसाचे मांस नको आहे. राणीची इच्छा पूर्णपणे सात्त्विक आहे, तिला दर्शन हवे आहे आणि धर्मश्रवण हवे आहे. तरीही त्या इच्छेच्या पूर्तीसाठी सरोवर, धान्य, अभयाची घोषणा आणि फासा या चारही गोष्टी लागतात, आणि पहिल्या तीन गोष्टी चौथीच्या सेवेत उभ्या राहतात. दर्शनाची इच्छा स्वभावतःच निर्दोष असते, या समजुतीला कथाकाराने येथेच छेद दिला आहे. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात हंसजातकाचा हा प्रसंग रंगवलेला आहे. पाचव्या शतकातील त्या चित्रकारांना पक्ष्याचे रूप भिंतीवर आणण्यासाठी पक्षी पकडावा लागला नसेल, परंतु त्यांनी चितारायला घेतलेली कथा मात्र रूप पाहण्याच्या हव्यासाचीच होती.

या कथेतील योजना इतिहासात जवळपास जशीच्या तशी उतरलेली दिसते. राजस्थानातील भरतपूरजवळचा सखल प्रदेश बांध आणि कालवे यांच्या साहाय्याने पाण्याखाली आणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे बदकांच्या शिकारीचे तलाव सिद्ध करण्यात आले. पाणी, वनस्पती आणि निवांतपणा यांची तजवीज केल्यामुळे मध्य आशिया व सैबेरियातून उतरणारे थवे तेथे येत राहिले आणि संस्थानाचे पाहुणे त्यांच्यावर गोळ्या झाडत राहिले. तेथील केवलादेव शिवमंदिराजवळच्या शिलालेखांवर शिकारीच्या दिवसांचे आकडे कोरलेले आहेत आणि त्यांपैकी १२ नोव्हेंबर १९३८ या दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या उपस्थितीत ४,२७३ पक्षी मारले गेल्याची नोंद आहे. ज्या देवाच्या नावाने हे उद्यान आज ओळखले जाते, त्याच्या दाराशी ही नोंद मोठ्या अभिमानाने उभी आहे, याकडे यात्रेकरूंचे फारसे लक्ष जात नाही. पुढे शिकार थांबली, १९८१ मध्ये हे क्षेत्र आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले आणि १९८५ मध्ये त्याला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. बंदुका गेल्या आणि कॅमेरे आले. तलाव तोच राहिला, बांधावरून पाण्याकडे पाहण्याच्या जागा बऱ्याच अंशी त्याच राहिल्या, आणि पक्षी समोर यावा ही अपेक्षाही तीच राहिली. बदलले ते अपेक्षेचे फळ. हा बदल मोठा आहे. प्रश्न एवढाच की तो पुरेसा आहे का.

छायाचित्रकाराच्या बाजूने केला जाणारा सर्वांत भारदस्त युक्तिवाद साक्षीभावाचा आहे. सांख्य दर्शनात पुरुष, म्हणजे शुद्ध चैतन्य, हा केवळ द्रष्टा मानलेला आहे. कर्तृत्व सगळे प्रकृतीचे, आणि तो फक्त पाहतो. मुंडकोपनिषदातही एकाच वृक्षावर बसलेल्या दोन पक्ष्यांची कल्पना येते, ज्यांतला एक फळ खातो आणि दुसरा न खाता पाहत राहतो. निसर्गाकडे असे निरिच्छपणे पाहणारा तो दुसरा पक्षी म्हणजे आपण, अशी छायाचित्रकाराची स्वतःविषयीची प्रतिमा असते. परंतु ही तुलना दोन ठिकाणी मोडते. पहिले असे की सांख्यांची प्रकृती पुरुषासाठीच प्रवृत्त होते, एखादी नर्तकी रंगभूमीवर आपली कला दाखवून निघून जाते तशी ती स्वतःला दाखवून निवृत्त होते, असा दृष्टांत सांख्यकारिकेत येतो. तळ्यावरचे बदक मात्र कोणासाठीही नाचत नाही, ते चरते, विश्रांती घेते आणि परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवते. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे असे की साक्षीला कोणी पाहत नाही, छायाचित्रकाराला मात्र पाहिले जाते.

बदकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना व काहीसे वरच्या अंगाला असतात आणि त्यामुळे मान न वळवता त्याला सभोवार आणि डोक्यावरही दिसते, ही त्याच्या शरीररचनेची साधी गोष्ट आहे. १९९९ मध्ये मॅलार्ड जातीच्या बदकांवरील एका प्रसिद्ध अभ्यासात असे दाखवण्यात आले की रांगेच्या टोकाला झोपलेले बदक मेंदूचा एकच अर्धा भाग झोपवू शकते, दुसरा जागा ठेवते, आणि त्या जाग्या भागाशी जोडलेला, थव्याबाहेर वळलेला डोळा उघडा राखते. पंखात चोच खुपसून निवांत पहुडलेल्या बदकाचे जे चित्र शांततेचा नमुना म्हणून दाखवले जाते, त्यात अनेकदा एक डोळा पहाऱ्यावर असतो आणि तो चित्रकर्त्यावरच रोखलेला असण्याची शक्यता बरीच असते. हिंदू उपासनेत दर्शन ही दुतर्फा क्रिया मानली जाते, भक्त देवाला पाहतो तसा देवही भक्ताला पाहतो; पाणपक्ष्यांच्या बाबतीत हे दुतर्फेपण आहेच, फक्त पलीकडून येणारी नजर कृपेची नसून सावधतेची असते. तेव्हा पाहणारा आणि पाहिला जाणारा हे दोघेही एकाच व्यवहारात गुंतलेले असल्याने, आपण त्या व्यवहाराच्या बाहेर उभे आहोत हा दावा टिकत नाही.

हा व्यवहार पक्ष्याला कितीला पडतो, याचा हिशेब शरीरशास्त्राच्या भाषेत मांडता येतो. हिवाळी पाहुण्या बदकांचा बहुतेक काळ चरण्यात आणि ऊर्जा वाचवण्यात जातो. उड्डाण ही त्यांची सर्वांत खर्चिक कृती असते. तलवार बदक, थापट्या किंवा भुवई बदक पाण्यावरून सरळ उसळी घेऊन उडू शकते, पण वारकरी या काळ्या पाणपक्ष्याला पाण्यावर पाय आपटत बरेच अंतर धावावे लागते, आणि रोहितालाही धावूनच हवेत उठावे लागते. मंगोलिया आणि तिबेटच्या पठारावरून हिमालय ओलांडून येणाऱ्या पट्टकादंब हंसांची उंची उपग्रह-यंत्रांनी मोजली असता ७,२९० मीटरपर्यंतची नोंद मिळाली आहे. एवढा प्रवास करून आलेला आणि मार्चच्या सुमारास तोच प्रवास उलट करावयाचा असलेला पक्षी हरभऱ्याच्या शेतात किंवा जलाशयाच्या काठावर जे खातो, त्यातला घास न् घास त्या प्रवासाची शिदोरी असतो. येथे पुन्हा जातककथेची आठवण होते. पाय फाशात अडकल्यावर हंसराज लगेच ओरडत नाही, कारण त्याच्या आर्त हाकेने थवा भयभीत होऊन उपाशीच उडेल आणि भुकेने दुबळे झालेले हंस वाटेत पडतील, हे तो जाणतो; सर्वांचे चरून होईपर्यंत तो वेदना सोसतो आणि मगच सावधतेची हाक देतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कथाकाराला कॅलरी हा शब्द माहीत नव्हता, पण चरणारा थवा अकाली उठवणे ही इजा असते आणि ती इजा रक्त न सांडता होते, हे त्याने ओळखले होते. उडत्या थव्याचे चित्र मिळावे म्हणून नाव पुढे घालणाऱ्याला हंसराजाइतकेही ज्ञान नसते, असे म्हणावे लागते.

रक्त न सांडता होणारी इजा हिंसेत गणावी का, याचे सर्वांत काटेकोर उत्तर जैन विचारात मिळते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद हा घटक घातलेला आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, कषायांनी म्हणजे क्रोध, मान, माया व लोभ यांनी ग्रासलेल्या चित्ताचा निष्काळजीपणा. प्राण्याला प्रत्यक्ष होणारी इजा ही द्रव्यहिंसा आणि ती घडवणारा चित्ताचा विकार ही भावहिंसा, असा भेद करून जैन आचार्यांनी भावहिंसेला प्रधान मानले. कुंदकुंदाचार्यांनी हा विचार टोकापर्यंत नेला: काळजीपूर्वक चालणाऱ्या साधूच्या पायाखाली नकळत जीव मेला तरी त्याला हिंसेचा बंध लागत नाही, आणि बेपर्वाईने वागणाऱ्याकडून कोणी मेले नाही तरी तो हिंसकच ठरतो. ही भूमिका छायाचित्रकाराला एकीकडून दिलासा देते आणि दुसरीकडून त्याचा नेहमीचा बचाव काढून घेते. घारीच्या किंवा दलदल-हारिन या शिकारी पक्ष्याच्या सावलीने थवे दिवसातून कितीतरी वेळा उठतात, त्यात आणखी एका उड्डाणाची भर पडली तर काय बिघडले, हा तो बचाव होय. परिणामांची बेरीज करणाऱ्या दृष्टीने त्याला उत्तर देणे थोडे कठीण जाते, कारण एका उड्डाणाचा खर्च खरोखरच अल्प असू शकतो. जैन दृष्टीने मात्र प्रश्न बेरजेचा नसतो. हारिनला भूक आहे, छायाचित्रकाराला लोभ आहे, आणि समोरचा जीव दचकणार हे ठाऊक असून पुढे टाकलेले पाऊल हे, त्याचा परिणाम कितीही अल्प असो, प्रमादाचे पाऊल आहे. अंतराचा नियम त्यामुळे केवळ पर्यावरणीय शिष्टाचार राहत नाही. चालताना पुढची भूमी पाहून पाय टाकावा, या ईर्यासमिती नावाच्या साधुव्रताशी त्याचे थेट नाते जुळते.

जैन विवेचनाचा आणखी एक पैलू आजच्या छायाचित्रणाला अधिक झोंबणारा आहे. कृती स्वतः केलेली, दुसऱ्याकरवी करवलेली आणि दुसऱ्याने केलेली असताना मान्य केलेली अशी तिन्ही प्रकारे बंधनकारक ठरते. कृत, कारित आणि अनुमोदित हे तीन प्रकार पतंजलींच्या योगसूत्रांतही हिंसेच्या संदर्भात मोजलेले आहेत. उजनी धरणाच्या भीमेवरील फुगवट्यात, भिगवणजवळच्या कुंभारगाव आणि डिकसळ परिसरात, हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहितांचे थवे उथळ पाण्यात चरताना दिसतात. रोहिताचे शरीर दुरून पांढरट भासते, गडद गुलाबी आच्छादनपिसे आणि काळी उड्डाणपिसे पंख उघडल्यावरच दिसतात, म्हणून छायाचित्रकाराला उभा रोहित फारसा नको असतो, उडता हवा असतो. नाव हाकणारा बहुधा स्थानिक मच्छीमार असतो. जलाशयाने शेती आणि गावे गिळल्यानंतर ज्या थोड्या उपजीविका उरल्या त्यांत पक्षी दाखवणे ही एक आहे, आणि गिऱ्हाईक नाराज होऊन परतू नये ही त्याची काळजी समजण्याजोगी आहे. अशा वेळी नाव थव्यात घातली गेली तर तिचा दोष नावाड्यावर टाकण्याची रीत आहे, परंतु कारित हिंसेच्या कल्पनेनुसार तो दोष प्रथम पैसे मोजून तशी इच्छा दर्शवणाऱ्याचा ठरतो, मग ती इच्छा शब्दांत बोलली गेली असो वा नुसत्या हावभावातून कळली असो. अनेक जाणते नावाडी गिऱ्हाइकाला रोखतात आणि इंजिन बंद करून वल्ह्यावर नाव नेतात, हेही नोंदवले पाहिजे. अनुमोदनाचा प्रश्न तर त्याहून पसरट आहे. सूर्यास्ताच्या उजेडात एकदम उठलेल्या हजार पंखांचे चित्र पाहून जो वाहवा करतो, स्पर्धेत त्याला पारितोषिक देतो किंवा दिनदर्शिकेवर छापतो, त्याला तो थवा स्वेच्छेने उठला की उठवला गेला हे चित्रातून कळत नाही, आणि न कळणे ही त्याची सोय असते. चित्र आपली उत्पत्ती लपवते. चित्रणकलेच्या नीतीचा विचार करणाऱ्यांनी ही गोष्ट पुरेशी मनावर घेतलेली नाही असे दिसते, कारण त्यांचा सगळा भर चित्रात नंतर केलेल्या फेरफारांवर असतो, चित्राआधी पक्ष्यावर केलेल्या जबरदस्तीवर नसतो.

धार्मिक कृतीच जेव्हा छायाचित्रणाची सामग्री होते तेव्हा गुंता आणखी वाढतो. दिल्लीत यमुनेच्या घाटांवर आणि प्रयागराजच्या संगमावर हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचे मोठे थवे येतात. भाविक त्यांना शेव आणि तत्सम तळलेले खारट पदार्थ पुण्यकर्म म्हणून टाकतात, आणि नावेभोवती घिरट्या घालणाऱ्या पांढऱ्या पंखांत बसलेल्या माणसाचे छायाचित्र हा तेथील ठरीव प्रकार झाला आहे. दानाची मीमांसा करणाऱ्या शास्त्रकारांनी देय वस्तू, देणारा, घेणारा, देश आणि काल या सर्वांचा विचार सांगितला आहे. घेणाऱ्याला न सोसणारी वस्तू देणे हे दान कसे ठरेल, हा प्रश्न त्या मीमांसेतूनच निघतो. मासे, किडे आणि पाण्यातील इतर जीव खाणाऱ्या पक्ष्याला बेसनाची शेव घालताना देणाऱ्याच्या मनात भूतदया असेलही, परंतु त्याच मुठीतून पक्षी भिंगाच्या टप्प्यात यावा अशी इच्छाही निसटत असेल तर वाराणसीच्या राजाने सरोवरात टाकलेल्या धान्याहून ती मूठ फारशी वेगळी राहत नाही.

याउलट, चित्राने पक्ष्याशी असलेले नाते खोल होऊ शकते, याचेही ठोस उदाहरण आहे. पीटर स्कॉट हे ब्रिटिश चित्रकार तरुणपणी पट्टीचे बदक-शिकारी होते. पुढे त्यांनी बंदूक सोडली आणि १९४६ मध्ये इंग्लंडमधील स्लिमब्रिज येथे पाणपक्ष्यांच्या अभ्यासाची व संरक्षणाची संस्था उभारली. तेथे हिवाळ्यात उतरणाऱ्या बेविकच्या हंसांच्या चोचीवरील पिवळ्या-काळ्या रंगांची आकृती प्रत्येक पक्ष्यात निराळी असते, हे १९६४ पासून त्यांनी पद्धतशीरपणे टिपण्यास सुरुवात केली. प्रत्येक हंसाचा चेहरा चितारून, त्याला नाव देऊन, तो पुढच्या वर्षी कोणत्या जोडीदारासह व पिलांसह परतला याच्या नोंदी पिढ्यानपिढ्या ठेवल्या गेल्या. थव्यातला कोणताही एक हंस पुरेसा होता, तेथे आता हाच हंस असे म्हणणे शक्य झाले. जैन मतानुसार प्रत्येक जीव स्वतंत्र आहे, कोणताही जीव दुसऱ्याची प्रत नव्हे. ती गोष्ट सिद्धान्त म्हणून मान्य करणे सोपे, पण दोनशे हंसांच्या घोळक्यात ती डोळ्यांनी पटवून देण्याचे काम त्या चित्रवहीने केले. गळ्यात क्रमांकाचे पट्टे बांधलेले पट्टकादंब मंगोलियातून दक्षिण भारतात येतात हेही बऱ्याच अंशी लांब पल्ल्याच्या भिंगांनी टिपलेल्या चित्रांतून उलगडत गेले, आणि पुन्हा जाळे न लावता त्यांची ओळख पटू लागली. येथे चित्राने हिंसा वाचवली. मात्र तो पट्टा पहिल्यांदा बांधण्यासाठी पक्षी धरावाच लागला होता, ही बारीकशी गाठ सुटलेली नाही.

अपरिग्रहाची कसोटी याच जागी लागते. परिग्रह म्हणजे वस्तूंचा साठा एवढेच नव्हे; तत्त्वार्थसूत्रकारांनी मूर्च्छेला, म्हणजे वस्तूविषयीच्या बेभान ममत्वाला, परिग्रह म्हटले आहे, मग वस्तू हाती असो वा नसो. छायाचित्रकार पक्ष्याला घरी नेत नाही, पण पाहिलेल्या जातींची यादी वाढवण्याची, आपल्याकडे नसलेले आणि दुसऱ्याकडे असलेले चित्र मिळवण्याची आणि एकाच हळदी-कुंकू बदकाची शेकडो चित्रे साठवण्याची जी ओढ असते, ती मूर्च्छेच्या वर्णनात चपखल बसते. एवढ्यावरून सगळा छंद त्याज्य ठरवणे हे मात्र अतिव्याप्तीचे होईल. स्लिमब्रिजची वही हीदेखील एक प्रकारची साठवणच होती. तिच्यात पक्षी मालकीचा न होता ओळखीचा होत गेला. वाल्मीकींच्या क्रौंचवधाच्या कथेतही ऋषी आणि निषाद एकाच युगुलाकडे पाहत असतात, एकाच्या पाहण्यातून बाण सुटतो व दुसऱ्याच्या पाहण्यातून श्लोक. क्रौंच म्हणजे सारस असावा असे अनेक अभ्यासक मानतात. या कथेवर करुणेचे भाष्य पुष्कळ झाले आहे, परंतु ऋषीलाही त्या मरणातून काव्य लाभले आणि विलाप करणाऱ्या मादीला काहीच लाभले नाही, हा तिचा अवघड भाग भाष्यकारांनी बहुधा वगळला.

लपण, म्हणजे पक्ष्याला न दिसता बसण्यासाठी केलेला आडोसा, हा या चर्चेतला चमत्कारिक विषय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील रिचर्ड आणि चेरी कीर्टन या बंधूंनी पक्ष्यांचे छायाचित्रण सुरू केले तेव्हा ते पोकळ केलेल्या बनावट बैलाच्या कातड्यातही लपून बसत. लपणाने पक्षी घाबरत नाही, चरणे थांबत नाही, म्हणून अहिंसेच्या दृष्टीने ते श्रेयस्कर. पण ते फसवणुकीचे साधन आहे, म्हणून सत्याच्या आणि माया या कषायाच्या दृष्टीने संशयास्पद. जातकातला व्याधही लपूनच बसला होता. दोन व्रतांत असा विरोध दिसला की जैन परंपरा सत्याला अहिंसेच्या अधीन ठेवते, पीडा देणारे सत्य ती सत्य मानत नाही, आणि त्या न्यायाने पक्ष्याला भीतीपासून वाचवणारे लपण समर्थनीय ठरावे. अट एवढीच की लपणापुढे आमिष नसावे आणि ते घरट्याच्या तोंडाशी नसावे. भारतीय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये तर शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी व घरटी यांना उपद्रव देण्याचा समावेश केलेला आहे, म्हणजे बंदूक न उचलता शिकारी ठरण्याची शक्यता कायद्यानेही मान्य केली आहे.

घरट्यांवरून गृहस्थाच्या व्रतांचा विचार करणे प्राप्त होते, कारण छायाचित्रकार काही महाव्रती साधू नसतो. जैन श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंडविरती, म्हणजे निष्प्रयोजन इजेपासून दूर राहणे, हे एक व्रत आहे, आणि तत्त्वार्थसूत्रावरील दिगंबर टीकापरंपरेत त्याखाली वधकोपदेश नावाचा दोष सांगितला आहे: अमुक जागी हरणे, डुकरे किंवा पक्षी आहेत असे पारध करणाऱ्यांना सांगणे. दुर्मीळ बदकाची किंवा सारसाच्या घरट्याची अचूक जागा चित्रासोबत जाहीर करण्याची आजची रीत या दोषाच्या इतकी जवळ येते की त्या जुन्या टीकाकारांना तिची पूर्वकल्पना असावी असे वाटू लागते. ऋतूचा विचारही जुनाच आहे. हिवाळी पाहुणे परतल्यानंतर येथेच राहणारी हळदी-कुंकू बदके, अडई आणि कमळपक्षी मुख्यतः पावसाळ्यात वीण घालतात, तळ्याकाठच्या गवतात, झाडांच्या ढोलीत किंवा तरंगत्या पाणवनस्पतींवर अंडी देतात, आणि तोच काळ जैन साधूंच्या चातुर्मासाचा व बौद्ध भिक्षूंच्या वर्षावासाचा असतो, जेव्हा जमीन जिवांनी भरलेली असल्याने फिरणे थांबवून एका जागी राहावयाचे असते. विनयपिटकातील हकीकतीनुसार वर्षावासाचा नियम लोकांच्या तक्रारीतून आला: पक्षीसुद्धा झाडांच्या शेंड्यांवर घरटी करून पावसाळा एका जागी काढतात आणि हे श्रमण मात्र हिरवे गवत व लहान जीव तुडवीत हिंडतात, अशी ती तक्रार होती.

श्रावकाच्या व्रतांतील देशव्रत हे ठरावीक काळापुरती आपल्या हालचालीची सीमा आखून घेण्याचे व्रत असून ती सीमा बाहेर पडण्यापूर्वी आखावयाची असते. छायाचित्रकाराच्या बाबतीत याचा अर्थ असा होतो की थव्यापासून किती अंतरावर थांबायचे, मान वर करून चरणे थांबवणारा पहिला पक्षी दिसताच नाव मागे घ्यायची की नाही आणि वीण सुरू असलेल्या तळ्याकडे जायचेच की नाही, हे काठावर असतानाच ठरवून नावाड्यालाही सांगितले गेले पाहिजे; उजेड उत्तम पडला आहे, पट्टकादंबांची रांग पाण्यावर सरळ लागली आहे आणि आणखी दहा हात पुढे गेले तर चौकट भरेल, अशा क्षणी नव्याने घेतलेला निर्णय स्वतःचा नसतो, तो लोभाचा असतो.